‘एरिसो’ : स्पॅनिश-मराठी कोशातील एका नोंदीचे काम

आम्ही चौघे जण फावल्या वेळात स्पॅनिश-मराठी हा लहान कोश तयार करत आहोत. प्रत्येक शब्दासाठी एक कार्ड, कार्डावर मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती आणि अर्थ, अशी साधी पद्धत आहे. ‘ए’ अक्षराच्या गठ्ठ्यातील ‘एरिसो’ या शब्दासाठी मी अर्धा तास धरला होता; प्रत्यक्षात तो बारा आठवडे माझ्या टेबलावरून हलला नाही. असे काम हाती घेणाऱ्या इतरांचा वेळ वाचावा म्हणून माझ्या वहीतील नोंदी थोड्या सारख्या करून येथे देत आहे. चुका मुद्दाम काढून टाकलेल्या नाहीत.

१० जून

कार्ड भरले : ‘एरिसो, पुल्लिंगी नाम, साळिंदर.’ लागलेला वेळ दहा मिनिटे. स्पॅनिश शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द आणि इंग्रजीचा मराठी प्रतिशब्द अशा दोन उड्यांत अर्थ मिळाला, आणि तो ओळखीचा असल्यामुळे मी तपासण्याच्या भानगडीत पडलो नाही. याच पद्धतीने त्या संध्याकाळी आणखी बावीस कार्डे झाली आणि मी स्वतःवर खूश होतो.

१४ जून

आमच्या गटातील ज्येष्ठ बाईंनी कार्ड परत पाठवले. त्यांनी त्यावर मुलांच्या एका गोष्टीतील वाक्य लिहिले होते : माळी ओंजळीत एरिसो उचलतो आणि कुंपणाखालच्या पाचोळ्यात अलगद ठेवतो. फोनवर त्या म्हणाल्या, “अहो, साळिंदर कधी ओंजळीत मावतं का? आणि मावलंच, तर ते उचलणारा माळी पुढच्या पानावर जिवंत असेल का?”

त्यांचे बरोबर होते. आपल्याकडचे साळिंदर अकरा ते अठरा किलोंपर्यंत भरते, ते उंदीर-खारींप्रमाणे कुरतडणारे आहे आणि त्याचे लांब, काळेपांढरे काटे सहज सुटून येतात. (ते काटे बाणासारखे फेकते ही समजूत खोटी आहे, तरी डोंगराळ भागातील प्रत्येक गावात ती ऐकायला मिळते.) स्पॅनिश बागेतील एरिसो किलोभराच्या आसपास असतो, किडे, गांडुळे आणि गोगलगायी खातो, आणि संकट दिसले की अंगाचा चेंडू करतो. त्याच्या पाठीवर पाच ते सात हजार आखूड काटे असतात आणि ते सहसा निघत नाहीत. जवळच्या नात्याचा विचार केला तर तो साळिंदरापेक्षा चिचुंद्रीला जवळचा आहे.

यातून दुसरी चूक वर आली. ‘पुएर्कोएस्पिन’ या शब्दाच्या कार्डावरही मी साळिंदरच लिहिले होते. तो शब्द इटालियन ‘पोर्कोस्पीनो’वरून, म्हणजे ‘काट्यांचे डुक्कर’ या अर्थाने आला आहे आणि त्याला साळिंदर हा प्रतिशब्द अगदी योग्य आहे. गंमत म्हणजे साळिंदर स्पेनमध्ये रानात आढळतच नाही, युरोपात ते मुख्यतः इटलीत आहे, त्यामुळे प्राण्याबरोबर त्याचे नावही इटलीकडून यावे यात नवल नाही. मात्र दोन वेगळ्या शब्दांना एकच प्रतिशब्द दिला की कोश वापरणारा मराठीतून उलट स्पॅनिशकडे जाताना हमखास चुकतो. बावीस कार्डे पुन्हा तपासली. त्यांत आणखी तीन चुका निघाल्या. एक संपूर्ण रविवार गेला.

१८ ते २१ जून

एरिसोसाठी मराठी शब्द शोधत आहे. संस्कृतात ‘जाहक’ आहे, पण आमच्यापैकी कोणीही तो कधी तोंडी ऐकलेला नाही. हिंदीत ‘काँटाचूहा’ आहे. त्याचे मराठीत ‘काटेउंदीर’ करता येईल, पण हा प्राणी उंदीर नव्हे आणि आम्ही नुकतेच एका कुरतडणाऱ्या प्राण्याच्या घोटाळ्यातून बाहेर पडलो आहोत. खरे कारण असे की हा प्राणी मराठी मुलखाला फारसा ठाऊकच नाही. भारतातील त्याच्या जाती गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आहेत, एक दक्षिणेकडे आहे. जो प्राणी अंगणात येत नाही त्याला भाषा घरगुती नाव देत नाही.

या शोधात दोन संध्याकाळी मनुस्मृती आणि रामायण उघडून बसलो, कारण पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांच्या यादीत ‘श्वाविध्’ आणि ‘शल्यक’ असे दोन काटेरी प्राणी शेजारी शेजारी येतात. वालीही मरताना रामाला हीच यादी ऐकवतो. श्वाविध् म्हणजे कुत्र्याला भोसकणारा. शल्यकातील शल्य म्हणजे काटा किंवा बाणाचे टोक. ब्यूलर यांनी मनुस्मृतीच्या इंग्रजी भाषांतरात पहिल्याला साळिंदर आणि दुसऱ्याला स्पॅनिश एरिसोचा तो लहान प्राणी मानले आहे. मला वाटले की शब्द सापडला. पण संस्कृतात शल्यक सर्रास साळिंदरासाठीही वापरला जातो, तेव्हा तो कार्डावर घालणे म्हणजे मूळ घोटाळा अधिक भारदस्त करून ठेवणे होते. या दोन संध्याकाळींचा कार्डाला शून्य उपयोग झाला. एक समाधान तेवढे मिळाले, की हा गोंधळ माझ्यापासून सुरू झालेला नाही. लॅटिन बायबलच्या स्तोत्रांतही ‘खडक हा अमुक प्राण्यांचा आसरा’ या ओळीत, जिथे हिब्रूमध्ये कड्याकपारीत राहणारा सशाएवढा प्राणी आहे, तिथे हाच काटेरी प्राणी येऊन बसला आहे.

ठरले : ‘हेजहॉग’ हा रूढ उसना शब्द आणि त्यापुढे ‘चिचुंद्रीच्या गटातील, अंगाचा चेंडू करणारा लहान काटेरी प्राणी’ असे स्पष्टीकरण. बाईंना उसना शब्द पसंत नव्हता. परंतु व्हिडिओ गेममधला सोनिक हेजहॉग आहे हे त्यांच्या नातवानेच त्यांना सांगितले, आणि स्पॅनिशमध्येही तो ‘सोनिक एल एरिसो’ आहे म्हटल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली.

२५ जून

उच्चाराचा प्रश्न. स्पेनच्या बऱ्याच भागांत या शब्दातील शेवटचे व्यंजन जीभ दातांमध्ये आणून उच्चारतात, तर दक्षिण आणि मध्य अमेरिकेत साधा ‘स’ म्हणतात. आम्ही आधीच्या कार्डांवर स्पेनच्या उच्चारासाठी ‘थ’ लिहिला होता. एका विद्यार्थ्याने ‘एरिथो’ मोठ्याने वाचले आणि ‘थंडी’तला ‘थ’ ऐकू आला, जो स्पेनमध्ये कोणीही म्हणत नाही. देवनागरीत त्या ध्वनीला अक्षर नाही. म्हणून सर्वत्र ‘स’ लिहायचा आणि स्पेनचा उच्चार प्रस्तावनेत एकदाच समजावायचा, असा निर्णय घेतला. त्यामुळे ४७ कार्डे बदलावी लागली. नवे काम सुरू करणाऱ्यांनी हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा, सातव्या महिन्यात नव्हे.

४ जुलै

व्युत्पत्ती. मी आठवणीवर विसंबून ‘ग्रीक एखीनोसवरून’ असे लिहून टाकले होते, कारण ग्रीकमध्ये एखीनोस म्हणजे हा प्राणीही आणि त्याच आकाराचा काटेरी सागरी जीवही. अर्थ इतके तंतोतंत जुळत होते की शंका आली नाही. शंका यायला हवी होती, कारण ग्रीक ‘ख’चा स्पॅनिश ‘र’ कोणत्याही नियमाने होत नाही.

कोरोमिनास यांचा स्पॅनिश व्युत्पत्तिकोश पाहण्यासाठी मुंबईला एका ग्रंथालयात गेलो. रेल्वे, रिक्षा आणि झेरॉक्स मिळून ६४० रुपये. पहिल्या खेपेला ओळखपत्र मागितले गेले, ते घरी राहिले होते. त्यामुळे हाच खर्च दोनदा. मिळालेले उत्तर साधे होते : शब्द लॅटिन ‘एरिकिउस’चा आहे, आणि तो लॅटिनमधील त्याहून जुन्या, एकाक्षरी ‘एर’ या नावापासून झाला आहे. फ्रेंच ‘एरिसाँ’, इटालियन ‘रिच्चो’, रोमानियन ‘आरिच’, कॅटलान ‘एरिसो’ ही सगळी त्याची भावंडे.

पोर्तुगीज रूपासाठी मडगावच्या आमच्या सहकाऱ्याला विचारले. त्यांच्या घरात आजीच्या पिढीपर्यंत पोर्तुगीज बोलली जात होती. त्यांनी ‘ओरीसु’ हा शब्द सांगितला आणि पुढे एक बहुमोल सूचना केली : पोर्तुगालमधला ‘ओरीसु-काशेइरु’ म्हणजे हेजहॉग, पण ब्राझीलमध्ये त्याच नावाने झाडावर चढणारे साळिंदर ओळखले जाते. ही सूचना वहीत लाल शाईने लिहून ठेवली. ती पुढे कामी आली.

या मुळाचा माग आणखी मागे नेला तेव्हा एक ओळखीचा चेहरा भेटला. लॅटिन ‘होर्रेरे’, म्हणजे ताठ उभे राहणे, शहारणे, आणि संस्कृत ‘हृष्’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. ‘एर’ हे प्राणिनामही अनेक अभ्यासक त्याच घराण्यात धरतात. हृष् म्हणजे केस उभे राहणे, आणि म्हणूनच आनंदणे. रोमहर्ष या शब्दात जुना अर्थ अजून शिल्लक आहे. नुसत्या ‘हर्ष’मध्ये केस गळून गेले आणि आनंद उरला. त्याच धातूपासून लॅटिनवाल्यांनी भीतीचा शब्द केला आणि आपण सुखाचा, हे वाचून मी अर्धा तास काहीच काम केले नाही.

५ जुलै

एक सापळा, थोडक्यात. स्पॅनिशमध्ये ‘एकिनो’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक लॅटिनमधील घोड्याच्या नावावरून आलेला, अर्थ ‘घोड्याचा’. दुसरा वर सांगितलेल्या ग्रीक एखीनोसवरून आलेला, अर्थ सागरी एरिसो आणि खांबाच्या माथ्यावरची गोलसर नक्षीची पट्टी. आमच्यापैकी एकाने ‘एकिनोदेर्मो’ या प्राणिशास्त्रीय शब्दाचा अर्थ ‘अश्वचर्मी’ असा दिला होता. तो ‘काटेरी त्वचेचा’ असा दुरुस्त केला. दुरुस्तीला दोन मिनिटे लागली, हसण्यात वीस गेली.

१६ जुलै

प्राणी सोडून बाकीचे अर्थ. पहिला, चेस्टनट फळाचे काटेरी वेष्टन. उत्तर स्पेनमध्ये शरद ऋतूत ही वेष्टने झाडाखाली पडतात, चार पाकळ्यांत उकलतात आणि आत तपकिरी, चकचकीत बिया दिसतात. गॅलिसियात नोव्हेंबरमध्ये त्या भाजून खाण्याचा सण असतो. मराठीत मी प्रथम ‘टरफल’ लिहिले, पण टरफल म्हटले की शेंगदाण्याचे डोळ्यांपुढे येते. ‘साल’ तर त्याहून चूक. शेवटी परसातल्या धोतऱ्याकडे लक्ष गेले. त्याचे हिरवे काटेरी फळ चाकूने उभे कापले तेव्हा आत चार कप्पे आणि ठासून भरलेले बी दिसले, आणि त्याला मराठीत सर्वजण काय म्हणतात ते आठवले : बोंड. कपाशीचे बोंड, एरंडाचे बोंड, धोतऱ्याचे बोंड. कार्डावर ‘चेस्टनटचे काटेरी बोंड’ लिहिले. (धोतरा विषारी आहे; कापल्यावर हात आणि चाकू साबणाने धुवावेत, आणि तो चाकू स्वयंपाकघरातील नसावा. माझा होता. घरातून ऐकून घ्यावे लागले.)

दुसरा अर्थ वनस्पतीचा. स्पेनच्या डोंगरांवर वारा फार असतो तिथे जमिनीसरसे, उशीसारखे गोल वाढणारे निळ्या फुलांचे एक काटेरी झुडूप आहे, त्याला एरिसो म्हणतात. लोक त्याला ‘जोगिणीची उशी’ अशा अर्थाच्या नावानेही ओळखतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याची जीभ नक्कीच धारदार असणार. पिरेनीज पर्वतातील त्याच्या पिवळ्या फुलांच्या भाईबंदाला ‘एरिसोन’ म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात ग्रीक एखीनोस आहे आणि लॅटिन होर्रेरेपासून झालेला ‘होरिदुम’ही आहे, म्हणजे दोन्ही भाषांनी मिळून एकाच झुडपाला काटेरी ठरवले आहे.

२८ जुलै

तिसरा अर्थ लष्करी : तटाच्या किंवा भिंतीच्या माथ्यावर बसवलेल्या लोखंडी अणकुचीदार काट्यांची रांग. हा अर्थ आधुनिक असावा असे समजून मी तो शेवटी टाकला होता. ती चूक निघाली. सीझरने आपल्या यादवी युद्धाच्या वृत्तांतात इ.स.पू. ४८ मधील लढाईचे वर्णन करताना, प्रतिस्पर्धी पाँपेच्या छावणीच्या दारांपुढे ‘एरिकिउस’ आडवा टाकला होता आणि तो तोडून सैनिक आत घुसले, असे लिहिले आहे. काटे ठोकलेला ओंडका असाच त्याचा अर्थ आहे. हा शब्द स्पॅनिश होण्याच्या कितीतरी आधीपासून प्राण्याच्या आणि अडसराच्या अशा दोन्ही अर्थांनी चालत होता. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे अडवण्यासाठी लोखंडी अँगल एकमेकांत आडवे जोडून जे अडथळे केले, त्यांनाही स्पॅनिशमध्ये ‘चेक एरिसो’ म्हणतात. अर्थाचा क्रम बदलला.

मराठी स्पष्टीकरणासाठी काही डोळ्यांसमोर हवे होते म्हणून सकाळी शनिवारवाड्यावर गेलो. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी सुळे लहानपणापासून पाहत आलो आहे, पण या खेपेला जवळ उभा राहून पाहिले : बुडाशी मनगटाएवढा जाड, टोकाकडे निमुळता, आणि ओळीने असे बसवलेले की हत्तीने धडक द्यायला डोके खाली घातले तर ते नेमके कपाळावर यावेत. माणसांचे हात पोहोचतात तिथले काही गुळगुळीत झाले आहेत. स्पॅनिश एरिसो भिंतीच्या माथ्यावर असतो आणि हे दाराच्या अंगावर आहेत, तेव्हा एकाला दुसऱ्याचा प्रतिशब्द करता येत नाही, परंतु ‘किल्ल्याच्या दारावर असतात तशा अणकुचीदार लोखंडी काट्यांची रांग, तटाच्या माथ्यावर बसवलेली’ एवढे लिहिले की मराठी वाचकाला चित्र दिसते. एक योगायोग : स्पॅनिश अकादमीच्या पहिल्या मोठ्या कोशाचा, ज्यात ‘एरिसो’ आहे तो तिसरा खंड १७३२ मध्ये निघाला, आणि शनिवारवाड्याची वास्तुशांतही १७३२ चीच. याचा कार्डाशी काही संबंध नाही, तरी लिहून ठेवतो.

११ ऑगस्ट

सागरी अर्थ. यात सर्वाधिक चुका झाल्या.

पहिली चूक नावाची. ‘एरिसो दे मार’, शब्दशः समुद्राचा एरिसो, याला मी ‘समुद्री साळिंदर’ म्हटले होते. पण जमिनीवरच्या एरिसोला साळिंदर नाकारल्यावर पाण्यातल्याला तेच कसे द्यायचे? मराठीत अभ्यासक ‘सी अर्चिन’ असे लिहितात. तो शब्द ठेवला, आणि नंतर कळले की अर्चिन हा इंग्रजी शब्द म्हणजे जुन्या नॉर्मन-फ्रेंचमधून गेलेला हाच लॅटिन एरिकिउस, आणि त्याचा पहिला अर्थ हेजहॉगच होता. याचा अर्थ जो शब्द मी महिनाभर मराठीत आणू पाहत होतो, तो मागच्या दाराने आधीच येऊन बसला होता.

दुसरी चूक खाण्याची. चिलीमध्ये नुसते ‘एरिसो’ म्हटले की लोकांच्या मनात समुद्रच येतो, कारण तिथल्या किनाऱ्यावर तो मोठ्या प्रमाणात पकडला जातो आणि कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून कच्चा खाल्ला जातो. एका पाककृतीत ‘एरिसोच्या लेंग्वास’ असे होते आणि लेंग्वा म्हणजे जीभ, म्हणून मी ‘एरिसोच्या जिभा’ असे भाषांतर केले. त्या जिभा नाहीत. कवचाच्या आत पाच केशरी-पिवळ्या पट्ट्या असतात, त्या जननग्रंथी आहेत आणि खातात त्या त्याच. जिभेसारख्या दिसतात म्हणून ते नाव. आमच्या गटाने ही पाककृती नमुन्याच्या पानावर छापून पंधरा लोकांना वाचायला दिली होती. ते पान परत मागवावे लागले. पुन्हा छपाई १८० रुपये.

माझ्याकडे अशाच एका अर्चिनचे रिकामे कवच आहे, मालवणजवळच्या खडकांत ओहोटीला सापडलेले. काटे गळून गेले आहेत. भिंगाखाली धरल्यावर दिसते की प्रत्येक काट्याच्या जागी एक गोल बारीक गाठ आहे, काटा तिच्यावर खोबणीत बसून फिरत असे. आणि वरपासून खालपर्यंत पाच पट्ट्यांत बारीक छिद्रांच्या रांगा आहेत, त्यांतून त्याचे चिकट पाय बाहेर येत. खालच्या भोकात पाच दातांचा जो सांगाडा असतो तो माझ्या कवचातून केव्हाच गळून पडला आहे. त्या सांगाड्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात, स्पॅनिशमध्येही. हे कार्डावर घ्यायचे की नाही यावर वाद झाला, मी घेतले.

प्रादेशिक रूपे : उत्तर स्पेनमधील अस्तुरियासमध्ये सागरी एरिसोला ‘ओरिसिओ’ म्हणतात आणि हिवाळ्यात तो सफरचंदाच्या दारूबरोबर खातात. दक्षिणेकडच्या कादिस शहरात कार्निव्हलच्या सुमारास रस्त्यावर सामुदायिक ‘एरिसादा’ होते, म्हणजे एरिसो खाण्याचा मेळावा, जशी आपल्याकडे हुरडा पार्टी. ‘एरिसादा’तील ‘-आदा’ या प्रत्ययाला मराठीत जोड नाही. ‘मेळावा’ लिहून पुढे गेलो.

२० ऑगस्ट

आज सगळे कार्ड फाडून पुन्हा लिहिले. कारण ‘एरिसार’ हे क्रियापद.

तोपर्यंत माझे कार्ड प्राण्यापासून सुरू होत होते आणि बाकीचे अर्थ त्याच्या मागे शेपटासारखे लोंबत होते. क्रियापदाचे कार्ड वेगळे होते आणि त्यावर ‘केस ताठ उभे करणे’ एवढेच होते. मग मी ‘से मे एरीसा ला पिएल’ या वाक्यापाशी आलो. शब्दशः ‘माझी त्वचा एरिसोसारखी होते’. थंडीने, भीतीने, गाणे ऐकून, काहीही. मराठीत त्याला एकच उत्तर आहे आणि ते कोणाला शोधावे लागत नाही : अंगावर काटा आला. मी जूनपासून प्राण्याच्या नावासाठी संस्कृत चाळत होतो आणि या शब्दाचा खरा मराठी जोडीदार ‘काटा’ हा माझ्याच अंगावर होता. स्पॅनिश माणसाला शहारताना हेजहॉग दिसतो, आपल्याला बाभूळ दिसते, एवढाच फरक.

नवीन मांडणीत कार्डाच्या माथ्यावर अर्थाचा गाभा दिला : ‘सर्व बाजूंनी काटे उभे असलेली वस्तू वा जीव’. त्याखाली हेजहॉग, सी अर्चिन, काटे फुगवणारा मासा, चेस्टनटचे बोंड, झुडूप, तटावरचे काटे. एरिसार त्याच कार्डाच्या खाली आणले. ‘अडचणींनी एरिसादो’ अशा प्रयोगाला ‘काट्याकुट्यांनी भरलेला’ हे बसले, मात्र लिखित मजकुरात ‘अडचणींनी खचाखच भरलेला’ही चालते असे कंसात दिले. मेक्सिकोत अंगावर काटा येण्याच्या अनुभवासाठी त्वचा ‘कुरळी’ होते असे म्हणण्याची रीत आहे, तेही टिपले. कुरळ्या बटेचा स्पॅनिश शब्द ‘रिसो’ हाही अकादमीच्या कोशाप्रमाणे एरिकिउसचाच, आणि इटालियनमध्ये तर एकच ‘रिच्चो’ हेजहॉग, अर्चिन, बोंड आणि बट असे चारही अर्थ वाहतो. तेव्हा रिसोचे कार्डही येथे जोडले. वेळ : साडेपाच तास, पण हे साडेपाच तास वाया गेले असे मी म्हणणार नाही.

२३ ऑगस्ट

माणसाला लावलेला अर्थ : एरिसो म्हणजे ज्याच्याशी बोलायला जावे तर टोचतो असा. ‘खाष्ट’ सुचला, पण खाष्ट म्हटले की सासूच उभी राहते. ‘फटकळ’ माणूस तोंडाने तोडतो, पण मनाने चांगला असू शकतो. ‘माणूसघाणा’ तर दार लावून बसतो, टोचत नाही. बाईंनी ‘तुसडा’ सुचवला आणि वाद संपला.

२ सप्टेंबर

लाल शाईची सूचना. अमेरिका खंडात हेजहॉगची एकही मूळ जात नाही. स्पेनहून शब्द तिथे गेला आणि प्राणी इकडेच राहिला, म्हणून तो शब्द रिकामा फिरत राहिला. ब्राझीलमध्ये त्याचा पोर्तुगीज भाऊ साळिंदरावर जाऊन बसला, चिलीत तो समुद्रात उतरला. मेक्सिकोत झाडावरच्या साळिंदराला नाहुआत्ल भाषेतले स्वतःचे नाव आहे, ‘उइत्स्त्लाकुआचे’. त्यातील ‘उइत्स्त्ली’ म्हणजे पुन्हा काटा. १० जूनला मी केलेली ‘साळिंदर’ ही चूक अमेरिकेतील काही लेखनाबाबत चूक ठरणार नाही, म्हणून कार्डाच्या तळाशी ‘अमेरिका : संदर्भ पाहून साळिंदर’ असे बारीक अक्षरांत लिहिले. बाईंनी ते वाचले, चष्मा काढला, परत लावला आणि सही केली.

हिशेब : प्रवास व झेरॉक्स १,२८० रुपये, पुनर्छपाई १८० रुपये, भिंग ९५ रुपये, चाकू नवा ७० रुपये. एकूण १,६२५. तास मोजले तेवढे एकतीस.

गठ्ठ्यातील पुढचे कार्ड ‘एर्मितान्यो’ : रानात एकटा राहणारा बैरागी. दहा मिनिटांत भरून टाकणार होतो, तेवढ्यात लक्षात आले की दुसऱ्याच्या शंखात राहणाऱ्या खेकड्यालाही तेच म्हणतात.